एक पान आइंकीचं

ब्लाऊकुइल, शेळ्यांचा तळ
२ जुलै

लिसबेत,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे.

तू माझा नंबर अडवून ठेवलायस हे मला दुकानवाल्या सोफीकडून कळलं. वर तळावर रेंज नाही, तुला माहीत आहे. तीन वेळा डोंगर उतरून दुकानाशी गेले, आणि तिन्ही वेळा फोन वाजायच्या आत बंद. शेवटी सोफीने माझ्या हातातून तो घेतला, काहीतरी दाबून बघितलं आणि म्हणाली, "ट्रुईबाई, बहिणीने तुम्हाला बंद केलंय." दुकानात चार माणसं साखर घ्यायला उभी होती. त्यांना साखर मिळाली आणि वर ही बातमी फुकट.

म्हणून पत्र. पत्राला कोणी अडवत नाही. तुमच्या घराला चाकं, तेव्हा पत्ता तुझ्या सासूचा, वेंडलच्या आईचा घातलाय. तुम्ही जेव्हा उगवाल तेव्हा ती देईल. आणि अक्षरं एवढी मोठी का, असं विचारायचं नाही. कागद माझा आहे. चौथीत शाळा सुटलेल्या बाईची अक्षरं काय मोत्यांसारखी असणार? तुझी शाळा चालावी म्हणून माझी सुटली, हे जाता जाता सांगते.

नेरीना कशी आहे, एवढंच विचारायचं होतं. त्यासाठी तीनदा डोंगर उतरले. माझे गुडघे तुझ्या माहितीचे आहेत.

तू दवाखान्याच्या दारात माझ्यावर ओरडलीस. नर्स बघत होती, वेंडल बघत होता, शेजारचा आब्राम, ज्याच्या पिकअपमधून मी तुझ्या पोरीला मांडीवर घेऊन दोन तास डोंगराच्या रस्त्याने आणलं, तोही बघत होता. माझा झगा ओकारीने भरलेला. तू विचारलंस का, ताई, तू काही खाल्लंयस का? नाही. "तू काय खायला घातलंस माझ्या मुलीला?" हे पहिलं वाक्य.

मग ऐक. मी शेळ्यांच्या वाडग्यात दूध काढत होते. तू आणि वेंडल टायर बदलायला शहरात गेला होतात, "ताई, दोन दिवस बघ पोरांना" म्हणून. त्या दोन दिवसांचे तुम्ही चार केलेत, तेही सोडून देते. पोरगी उतारावर गेली, कंद उकरला, निखाऱ्यावर भाजला, खाल्ला. तो खायच्या आइंकीचा नव्हता, विषारी टुल्पचा होता. पोटात कळ आली, ओकली, पाय लुळे पडले. मी आब्रामला हाक मारली. एवढंच. डॉक्टरने विचारलं तेव्हा ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली ना, "मी उकरलं, मी खाल्लं"? अकरा वर्षांची आहे, खोटं बोलायचं वय नाही. मग माझ्यावर कसली आरडाओरड?

आणि खरं बोलायचं तर हे तुझ्या शाळेमुळे झालं. पोरं शाळेत असती तर चार भिंतींत असती. तुझी शाळा म्हणजे एक जुनी पोस्टाची गाडी, आत चार बिछाने, आणि पुढच्या काचेतून दिसेल तो धडा. आज समुद्रावर सील मोजायचे, उद्या नदीच्या मुखाशी फ्लेमिंगो, परवा ताईच्या शेळ्या. पोरं वहीत शेणाचं चित्र काढतात! मी म्हटलं, "चित्र नको काढू, शेण काढ." तर तू हसलीस.

दहा वर्षं मास्तरीण होतीस. ती खुर्ची मिळावी म्हणून मी या डोंगरावर आयुष्य काढलं. तू ती खुर्ची सोडलीस आणि पोरांना शाळेतून काढलंस. आणि आता त्याचं खापर माझ्या डोक्यावर.

नेरीना कशी आहे ते कळव. दोन ओळी पुरेत.

ट्रुई

ब्लाऊकुइल
१९ जुलै

लिसबेत,

दोन ओळी मागितल्या होत्या. तू दोन पानं छापलीस. मला नाही, जगाला.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्र्याच्या बायकोने मला पायरीवर थांबवलं. "ट्रुई, तुझ्या बहिणीचं आलंय बघ." घरीच मुलांना शिकवणाऱ्या तुमच्या मंडळींचं ते चोपडं, दर महिन्याला येतं म्हणे. तिच्या भाचीकडून तिच्याकडे आलं. मी म्हटलं, चष्मा घरी राहिलाय, तूच वाच. तिने वाचलं. तिला वाचताना आवाज खाली घ्यायची सवय नाही, पाद्र्याची बायको ती.

"सहलीत मुलांना केवळ सवयीने जगणाऱ्या नातेवाइकांच्या हाती सोपवू नका. प्रेम म्हणजे ज्ञान नव्हे."

केवळ सवयीने!

लिसबेत, मी तुला विचारते. तुम्ही तळावर राहिलात त्या तीन आठवड्यांत तुझ्या पोरांना कोणी शिकवलं? तू तर सावलीत खुर्ची टाकून वहीत "आजचं निरीक्षण" लिहीत होतीस. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ना, तू खुर्चीवरून हाकल्यास.

पांढऱ्या कानाची शेळी अडली होती तेव्हा नेरीनाचा हात लहान म्हणून तिला मीच पुढे केलं. मनगटाला तेल लावलं. म्हटलं, डोळे मिट आणि पाय शोध, पुढचे दोन पाय आणि मध्ये नाक असेल तर ओढ, नसेल तर थांब. पोरीने नाक शोधलं, आणि करडू बाहेर आलं. ते तिने वहीत उतरवलं, तारखेसकट. धाकट्या काइलला राखेतली भाकर करायला शिकवली, तर त्याने पहिली भाकर कुत्र्याला दिली आणि दुसरी मला. कुत्र्याने खाल्ली नाही, मी खाल्ली. वारा कुठून आला की पाऊस येतो आणि कुठून आला की नुसती थाप मारतो, हे मी शिकवलं. सावली पावलांनी मोजून वेळ सांगायला शिकवली. हे सगळं सवयीने, हो. तुझी सवय खुर्चीची, माझी पावलांची.

आणि नेरीनाचे प्रश्न! तू पोरीला प्रश्न विचारायला शिकवलंस, पण गप्प बसायला शिकवलं नाहीस.

"मावशी, काइलची शेळी ओठ असा वर का करते?"

"तिलाच विचार."

"विचारलं. ती म्हणाली मावशीला विचार."

एकदा माझ्या मागे मागे दिवसभर हिंडली आणि संध्याकाळी म्हणते, "मावशी, तू शेळ्या कानांनी बघतेस." मी म्हटलं, बाई, प्रत्येकीच्या गळ्यात वेगळी घंटा आहे, ती काय शोभेला बांधली? तिने तेही लिहून ठेवलं. सारखं लिहीत असते.

आता खास तुझ्यासाठी आणि तुझ्या चोपड्यासाठी. आइंकीचा नियम मी तिला शिकवला होता. पहिल्याच आठवड्यात, उतारावर बसवून. जो आपल्या आईने मला शिकवला तोच. फूल येईपर्यंत उकरायचं नाही. एक पान ते आइंकीचं, सुपारीएवढा कंद, भाजला की शिंगाड्यासारखा गोड. दोन पानं ती टुल्प, गाय मारणारी. जमिनीवर दोघी बहिणींसारख्या दिसतात, पण एक आपली आणि एक नाही. हे तिने वहीत लिहिलंय, चित्रासकट. वही उघडून बघ! आणि मग तुझ्या चोपड्यात छाप, की ताईने शिकवलं होतं.

सांगितलेलं पोरगी ऐकत नसेल तर तो दोष माझा?

वही बघ. मी वाट बघते.

ट्रुई

ब्लाऊकुइल
११ ऑगस्ट

लिसबेत,

तुझं पत्र आलं. चार ओळी. सोफीने दुकानात वाचून दाखवल्या, या वेळी गिऱ्हाइकांना बाहेर काढून. दुसऱ्यांदा वाच म्हटलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही, पाठ झाल्या.

"ताई, तुझ्या सांगण्यावरून वही बघितली. नियम तिच्या अक्षरात आहे. म्हणजे तिला माहीत होतं आणि तरी तिने खाल्लं. एक पान फाडलेलं आहे, त्याबद्दल ती तोंड उघडत नाही. जिला माहीत असून ऐकायचं नाही तिला मोकळ्यावर शिकवता येत नाही. ऑक्टोबरपासून नेरीना वसतिगृहाच्या शाळेत जाईल. गाडी विकायला काढली आहे."

पाचवी ओळ पण आहे खरं तर. "तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं."

तुझ्या आयुष्यात पहिल्यांदा तू म्हणालीस की मी बरोबर आहे. मला ते वाक्य नको. परत घे.

मी 'वही बघ' म्हटलं ते माझ्या बाजूने. पोरीच्या विरुद्ध नाही! तू सरळ लिहिलेलं उलटं कसं वाचतेस? मास्तरणी सगळ्या अशाच वाचतात का?

आणि वसतिगृह! लिसबेत, तू! तुझ्या हातून ते अक्षर तरी कसं उमटलं? तू आठ वर्षांची होतीस, मी बारा. बाबांनी तुला धान्याच्या ट्रकमध्ये बसवलं. मी तुझ्या पेटीत भाजलेल्या आइंक्यांची पुरचुंडी ठेवली होती, मेट्रनने ती कचऱ्यात टाकली, 'जंगली खाणं' म्हणून. हे तूच मला सांगितलंस. त्या वर्षी तुझं पत्र यायचं आणि मी एकेक अक्षर बोटाने दाबून वाचायची: ताई, इथे खिडकी उंच आहे. ताई, मी रात्री अंथरूण ओलं करते, सकाळी सगळ्यांसमोर उभं करतात. ताई, मला तळावर ने.

मी नेऊ शकले नाही. मी शेळ्यांमागे होते म्हणून तर तू तिथे होतीस. बाबांकडे एका पोरीपुरतीच शाळा होती.

तू पोरांना शाळेतून काढलंस तेव्हा मी सगळ्या वस्तीत तुला नावं ठेवली. सोफीला म्हटलं, आमची लिसबेत शिकून येडी झाली. पण का काढलंस ते मला माहीत होतं. ती उंच खिडकी. मी ते कधी बोलले नाही, कारण ते बोललं तर मग माझं शाळा सोडणं फुकट गेलं असं होतं. कळलं? आज लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

आणि आता तूच तुझी पोरगी त्या खिडकीखाली बसवणार. का, तर तिने एक कंद खाल्ला. अगं, पोरं कंद खातात! मी पाच वर्षांची असताना साबण खाल्ला होता, मला कोणी धोबीघाटावर ठेवलं नाही.

तिने काही केलेलं नाही. एवढं ऐक. तिने काही केलेलं नाही.

आज इथेच थांबते. चुलीचा धूर डोळ्यांत गेलाय.

ट्रुई

ब्लाऊकुइल
२४ ऑगस्ट

लिसबेत,

हे पत्र पूर्ण वाच. मध्येच फेकलंस तर अर्धवट शिकलेली राहशील, आणि अर्धवट शिकणं किती महाग पडतं ते पुढे येईलच.

नेरीनाचं पाकीट आलं. वेंडलच्या आईने पोस्टात टाकलं, तुला न सांगता. म्हातारीवर ओरडू नकोस, तिला आतलं काही माहीत नव्हतं.

आत वहीचं एक पान. तेच, फाडलेलं. मागच्या बाजूला तिने मला लिहिलंय. अक्षरं बोटाएवढी, जाड काळ्या पेनाने, एका ओळीत तीन शब्द. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, कागद का वाया घालवतेस, नीट लिही. मी ते वाडग्याच्या दगडावर बसून दोनदा वाचलं. कारण सोफीशिवाय, पाद्र्याच्या बायकोशिवाय, दीड वर्षात हे पहिलं पत्र मी माझं मी वाचलं.

आता कळलं अक्षरं मोठी का?

डोळ्यांवर पडदा आलाय. दोन्ही. चष्मा घरी राहिला म्हणते तो चष्मा कधी नव्हताच. सकाळी नि दिवस कलल्यावर बरं असतं, दाराशी सावलीत बसून लिहिते. पण भर उन्हात डोळ्यांपुढे नुसतं दूध सांडलेलं. शेळ्या मी खरंच कानांनी बघते. ही गोष्ट आब्रामला कळली तर तो दुसऱ्या दिवशी कळप खाली नेईल, अर्ध्या शेळ्या त्याच्या आहेत. आणि मला चर्चमागच्या खोल्यांच्या रांगेत बसवतील, जिथे म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून मरणाची वाट बघतात. मी बावन्न वर्षांची आहे. म्हणून कोणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. तू चोपड्यात छापलं असतंस.

आता त्या दुपारचं. पहिल्या पत्रात लिहिलं ते सगळं खोटं. दूध मी सकाळीच काढलं होतं, भर दुपारी कोण दूध काढतं? हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. तीन आठवडे तळावर राहून काय निरीक्षण केलंस?

तुम्ही दुसऱ्या दिवशी येणार आणि लगेच समुद्रावर निघणार होतात, देवमासे बघायला. तुझ्या शाळेचं पुढचं पान. मला राग आला होता. तीन आठवडे पोरं माझ्याकडे शिकली आणि आइंकी न खाता जाणार! मग देवमासा बघितल्यावर मावशीची शाळा कुठे आठवणार? फुलं यायला अजून दोन महिने होते. आईचा नियम मला पाठ आहे, फूल येईपर्यंत उकरायचं नाही. नियम मी मोडला. खणायचा दांडा घेतला, नेरीनाला म्हटलं चल, काइलला झोपू दे. उतारावर उन्हात बसले, बोटांनी पान चाचपलं, एक लागलं. दुसरं बारीक होतं, मातीला चिकटलेलं. मला लागलं नाही. मी उकरलं. मी भाजलं. मी सोललं.

ती म्हणाली, "मावशी, दोन पानं होती."

मी म्हटलं, "एक होतं."

"दोन होती, मावशी. मी मोजली. दाखवू?"

लिसबेत, मला इतका राग आला. प्रश्न, प्रश्न, प्रश्न. वाटलं, ही शिकलेल्या आईची पोर, मला मोजायला शिकवते. आणि आत कुठेतरी भीती, की हिला कळलंय. मी काय म्हणाले सांगू? आपल्या आईचं वाक्य. "मोठ्यांच्या हातचं तपासायचं नसतं. ओंजळ कर."

तिने ओंजळ केली. दोन्ही हात एकत्र, मी शिकवलं होतं तशी. माझ्याकडे बघितलं आणि खाल्लं. सगळं नाही. चावून एक घास गिळला. उरलेला माझ्या हातात परत दिला, मी तो तोंडात घालणार इतक्यात म्हणाली, "तू नको खाऊस, मावशी. मला फारसा आवडला नाही." आणि तो माझ्या हातून घेऊन, कुत्र्याच्याही पुढे न टाकता, निखाऱ्यात टाकला.

कळतंय तुला, काय केलं तिने?

मी तुला तीन पत्रांत तुझ्या शाळेवरून बोलले. त्या दुपारी उतारावर दोन शाळा होत्या. एकीने तिला मोजायला शिकवलं होतं, दुसरीने गप्प खायला. तुझ्या शाळेचं ती बरोबर बोलली. माझ्या शाळेचं तिने ऐकलं. विष माझ्या शाळेचं होतं.

पिकअपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून, तोंडाला फेस, आणि मला म्हणते, "मावशी, मी सांगीन मी उकरलं. नाहीतर ते शेळ्या नेतील." तिला सगळं माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. आणि मी, बावन्न वर्षांची बाई, मी गप्प बसले. डॉक्टरने विचारलं तेव्हा गप्प. तू ओरडलीस तेव्हा उलट ओरडले, पण खऱ्याबद्दल गप्प. अकरा वर्षांच्या पोरीच्या पाठीमागे लपले. तुझ्यावर मी जेवढी चिडले असेन त्याच्या चौपट मी माझ्यावर चिडलेली आहे, पण माझा नंबर मला अडवता येत नाही.

तिने पानाच्या मागे लिहिलंय, सोफीला न विचारता मी वाचलेलं: "मावशी, आई मला वसतिगृहात घालणार. मी सांगितलेलं नाही. तू पण सांगू नको. शेळ्यांना सांभाळ. काइलची शेळी ओठ वर करते का अजून?"

आणि पुढच्या बाजूला चित्र. त्याच दिवशीची तारीख, बहुतेक आम्ही निखारे होईपर्यंत थांबलो तेव्हा काढलेलं. डावीकडे एक पान, खाली लिहिलंय आइंकी. उजवीकडे दोन पानं, टुल्प. आणि उजवीकडच्याच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी, ते मला वाचता येईना. दारात नेलं, सावलीत नेलं, डोळ्यांशी धरलं. शेवटी सोफीकडे गेले. सोफीने वाचलं आणि दुकानाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "लिहिलंय, मावशीला दिसलं नाही."

ते पान चुलीत टाकलं असतं तर काम झालं असतं. पोरगी गप्पच राहिली असती, कळप राहिला असता, मी राहिले असते. तुला ते या पत्रात मिळेल. मी घडी केलेली नाही, चित्रावर सुरकुती पडते.

सोफीला कळलं म्हणजे वस्तीला कळलं. आब्राम काल वर आला होता. वाडग्यापाशी उभा राहून, हात माझ्यापुढे धरून म्हणाला, "ट्रुई, किती बोटं?" मी म्हटलं, "जेवढी तुझ्या आईने दिली तेवढी, आणि त्यातलं एकही माझ्या शेळ्यांना लावायचं नाही." हसला. पण शेळ्यांचं काय करायचं ते बघतो म्हणाला.

तू काही माफ वगैरे करू नकोस, मी मागितलेलं नाही. गाडी विक नाहीतर ठेव, तुझी गाडी. पण पोरीला शिक्षा खोट्यावर देऊ नकोस. ती बरोबर होती आणि तिला गप्प बसवलं गेलं. आता तू वसतिगृहात घालून पुन्हा गप्प बसवणार? मग ती आयुष्यभर मोजेल आणि बोलणार नाही. माझ्यासारख्या बायका अशाच तयार होतात.

ट्रुई

ब्लाऊकुइल
१६ सप्टेंबर

लिसबेत,

काल सोफीने डोंगराच्या पायथ्याशी येऊन हाका मारल्या. तुझा फोन. धावत उतरले, म्हणजे माझ्यापरीने. फोन कानाला लावला तर नुसती खरखर. मला वाटलं पुन्हा अडवलंस. मग म्हणालीस, "ताई, फूल कधी उघडतं?" आणि मला श्वास लागला होता म्हणून मी नीट सांगितलं नाही, आणि तू "एका दिवसापुरते येऊ, राहणार नाही" म्हणून ठेवून दिलास. ठीक आहे. एक दिवस तर एक दिवस. वसतिगृहाचं तू काही बोलली नाहीस, मी विचारलं नाही. विचारणार आहे, समोर बसवून.

फूल दुपार कलल्याशिवाय उघडत नाही आणि दिवस मावळायच्या आत मिटतं. म्हणजे सकाळी येऊन "कुठे आहे तुझं फूल" करू नका. तुमच्या गाडीच्या शाळेत वेळापत्रक नाही, या फुलाच्या शाळेत आहे. उशिरा आलात तर गेलं. उताराच्या वरच्या अंगाला, जिथे पोरगी बसली होती तिथूनच सुरुवात करू. ती जागा तिला भीतीची राहायला नको.

शेळ्या आब्रामने नेल्या नाहीत. त्याची पोरगी वर ठेवलीय माझ्याबरोबर, तिला सारखी शिंक येते आणि शेळ्या घाबरतात. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख नोव्हेंबरची मिळाली. पाद्र्याची बायको घेऊन जाणार आहे. दोन तास तिचं बोलणं ऐकावं लागेल, ती माझी शिक्षा समज.

आता नेरीनाला हे वाचून दाखव. नको, तिचं तिला वाचू दे, मी तिच्यासाठीच मोठं लिहिते.

दांडा मी धरीन, कारण जमीन कडक आहे. कुठे मारायचा ते तू सांगायचंस. पानं तू मोजायचीस, मोठ्याने, उतारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं, आईला पण. एक म्हणालीस तर उकरू. दोन म्हणालीस तर पुढे जाऊ, मी कितीही कुरकुर केली तरी. आणि भाजून झाल्यावर मी हात पुढे केला तर ओंजळ करायची नाही. आधी बघायचं. मग विचारायचं. मग खायचं. मी चिडले तर चिडू दे, सवय आहे.

काइलची शेळी ओठ वर करते अजून. का करते ते मला खरंच माहीत नाही. आल्यावर तिलाच विचारू.

मावशी